कुणाला द्यायचं, हे कोण ठरवणार?

पौष पौर्णिमेच्या सकाळी छत्तीसगडच्या गावागावांत पोरांच्या टोळ्या निघतात. कुणाच्या खांद्याला थैली, कुणाच्या हातात टोपली. घरोघर जाऊन धान मागायचं. सणाचं नाव छेरछेरा. मळणी उरकलेली असते, कोठ्या भरलेल्या असतात आणि त्या दिवशी दारात आलेल्या कुणालाही विन्मुख पाठवायचं नसतं. मागणाऱ्यांत जुन्या मालगुजाराच्या घरचं पोर असतं, त्याच्या शेतावर राबणाऱ्याचंही असतं. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नसतो. गोळा झालेल्या धानातून पोरं कधी एकत्र जेवण करतात. काही गावांत त्यातला वाटा रामकोठीत पडतो. रामकोठी म्हणजे गावाची सामाईक कोठी. पाऊस दगा देतो, घरात आजारपण निघतं, लग्न अंगावर येतं, तेव्हा तिथून धान उसनं मिळतं आणि पुढच्या पिकावर थोड्या वाढीनं परत करायचं असतं. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कुणाची परतफेड पुढे ढकलायची, हे गावातली माणसं बसून ठरवतात.

या सगळ्यात मला मोलाची वाटते ती शेवटची गोष्ट, बसून ठरवण्याची. आपण मुलांना मागायला शिकवतो, द्यायलाही शिकवतो. ठरवायला शिकवत नाही. शाळेत पूरग्रस्तांसाठी डबा फिरतो. मुलं घरून दहा-वीस रुपये आणून टाकतात. डबा मुख्याध्यापकांच्या खोलीत जातो आणि पुढे त्याचं काय झालं, ते मुलांच्या कानावर येत नाही. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असते. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर, हा तिचा साचा. मध्यमवर्गीय मुलांच्या हातात घमेलं-फावडं देऊन या योजनेनं फार चांगलं काम केलं. पण गावाला बंधारा हवा की विहिरीतला गाळ काढून हवा, हा निर्णय सहसा शिबिरार्थींच्या वाट्याला येत नाही. तो आधीच कुणीतरी घेतलेला असतो.

हा निर्णयच विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा, खऱ्या पैशांसकट द्यायचा आणि त्यालाच अभ्यासक्रम म्हणायचं, असा एक प्रयोग जगात पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. वर्गात सामाजिक संस्थांचे अर्ज येतात. विद्यार्थी ते वाचतात, संस्थांना भेटी देतात, आपसांत वाद घालतात आणि शेवटी थोडीशी रक्कम कुणा एकाला किंवा दोघांना देतात. तो प्रयोग छत्तीसगडच्या भिलाईत व्हावा असं मला मनापासून वाटतं. भिलाईतच का, हे सांगण्यासाठी आधी त्या गावाकडे बघावं लागेल.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग मागे पडतात आणि भिलाईच्या चिमण्या दिसू लागतात. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. धानाच्या शेतांत चार वर्षांत एक शहर उभं राहिलं. देशभरातून माणसं आली. विदर्भातून मराठी कुटुंबंही आली आणि सेक्टरांच्या क्वार्टरांत स्थिरावली. कारखान्याच्या शाळा, सेक्टर ९ चं मोठं रुग्णालय, मैत्रीबाग, आखीव रस्ते, रांगेनं झाडं. आता शेजारच्या कुटेलाभाटा इथं आयआयटी भिलाईचा परिसर उभा आहे. कोचिंगसाठी दूरदूरची मुलं इथं येतात. हुशार, कष्टाळू, आकडेमोडीत तयार अशी तरुण मुलं एका गावात इतक्या संख्येनं असणं ही मोठी पुंजी आहे.

पण या शहराचं पोट भरतं बाहेरून. लोहखनिज सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येतं, चुनखडी नंदिनीहून येते. शहराच्या सेक्टरांत जन्मलेल्या मुलाला दल्ली-राजहरा हे पाटीवर वाचलेलं नाव असतं. त्या डोंगरांत कोण राहतं, त्यांना काय हवं आहे, हे त्याला कुणी विचारायला पाठवलेलं नसतं. दुसरीकडे, त्या मुलुखात खर्च होणारा बराचसा सामाजिक निधी शहरांतल्या टेबलांवरच ठरतो.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं हा निधी सक्तीचा केला. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. सगळे याला सीएसआर म्हणतात. पोलाद, सिमेंट आणि वीज यांच्या या पट्ट्यात हा शब्द आता सरपंचालाही पाठ आहे. पंचायतीचा ठराव, शाळेचं पत्र, महिला मंडळाची मागणी असे अर्ज येतात. त्यांचं पुढे काय होतं? कायद्याप्रमाणे निर्णय संचालक मंडळाचा आणि त्याच्या समितीचा. शिफारस मात्र कुणालाही करता येते. माझ्या मते इथंच विद्यार्थ्यांना आत यायला दार उघडं आहे.

अमेरिकेत केंटकी राज्याच्या उत्तर टोकाला, सिनसिनाटी शहरासमोर, नदर्न केंटकी युनिव्हर्सिटी नावाचं विद्यापीठ आहे. २००० च्या सुमारास तिथं मेयरसन फाउंडेशनच्या मदतीनं हा उपक्रम सुरू झाला. एका विषयाच्या वर्गाला काही हजार डॉलर द्यायचे आणि सत्र संपण्याआधी ते योग्य ठिकाणी पोहोचवायला सांगायचं. विषय समाजकार्याचाच असावा अशी अट नव्हती. साहित्याचा, नाटकाचा वर्गही यात उतरला. पुढे त्याची दोन रूपं झाली. एकात विद्यार्थी स्वतः पैसे वाटतात. दुसऱ्यात ते एखाद्या कंपनीकडे किंवा फाउंडेशनकडे आलेले अर्ज वाचतात आणि शिफारस करतात, शेवटची सही दुसऱ्याची असते. भिलाईला जुळणारं आहे ते हे दुसरं रूप.

वॉरन बफे यांच्या थोरल्या भगिनी डोरिस बफे यांनी हीच कल्पना उचलून धरली आणि अनेक विद्यापीठांतल्या वर्गांना प्रत्येकी १० हजार डॉलर देऊ केले. त्याआधी, १९८८ पासून, मिशिगन राज्यात केलॉग फाउंडेशननं गावोगावच्या समाजनिधींना मदत देताना अट घातली होती, की निधीचा एक हिस्सा कायमचा तरुणांच्या मंडळानं वाटायचा. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून शाळकरी मुलांचे गट आपापल्या भागातली एक संस्था निवडतात, तिला भेट देतात, आणि शाळेसमोर तिची बाजू मांडतात. ज्या गटाची मांडणी सरस, त्याच्या संस्थेला ३ हजार पौंड. मुलं या स्पर्धेत रंगून जातात, हे खरं. तरी या शेवटच्या पद्धतीबद्दल माझ्या मनात किंतु आहे. सरस बोलणाऱ्या मुलांमुळे संस्थेला पैसे मिळणार असतील, तर मुलं भाषण शिकतील. गरज पारखायला शिकतीलच असं नाही.

या वर्गांतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे खरंच देतात का? केंटकीच्या त्याच विद्यापीठातल्या ज्युली ओल्बर्डिंग यांनी माजी विद्यार्थ्यांना गाठून हा प्रश्न विचारला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा कौल एकूण होकारार्थी आहे. अशा अभ्यासात उत्साही माजी विद्यार्थीच आधी उत्तर देतात, ही शंका घ्यायला हवी. पण माझा भर पुढे कोण किती देईल यावर नाहीच. मला महत्त्वाचं वाटतं ते सत्राच्या त्या तीन-चार महिन्यांत वर्गात काय घडतं, ते.

म्हणून एक वर्ग कल्पनेत उभा करतो. वर्ग कल्पित आहे, अर्ज कल्पित आहेत, रक्कमही मी धरलेली आहे. त्यातले प्रश्न मात्र खरे आहेत. भिलाईतलं एक महाविद्यालय, वीस विद्यार्थी, एका कंपनीनं सीएसआरमधून बाजूला काढलेले पन्नास हजार रुपये आणि टेबलावर तीन अर्ज. पहिला शहरातल्याच खुर्सीपारच्या वस्तीतल्या बायकांच्या गटाचा: संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी बाकं, दिवे आणि शिकवणाऱ्या मुलीचं मानधन. दुसरा एका मोठ्या संस्थेचा, तलावाकाठी झाडं लावण्यासाठी. रंगीत छायाचित्रं, गुळगुळीत कागद. तिसरा दल्ली-राजहऱ्याकडच्या एका छोट्या संस्थेचा: पाच आश्रमशाळांतल्या मुलींची सिकल सेलची तपासणी.

तिसरा अर्ज आधी वाचू. छत्तीसगडमध्ये, तसाच आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे, हा रक्ताचा आनुवंशिक आजार ठाण मांडून आहे. अर्जातलं अंदाजपत्रक एका पानाचं: पाचशे मुलींच्या तपासणीचं साहित्य, जीपचं भाडं, समन्वयकाचं तीन महिन्यांचं मानधन, फलक आणि पत्रकं. पहिल्या वाचनात वीसपैकी पंधरा जणांचं बोट मानधनावर जाईल. हे कशाला? पैसे मुलींसाठी आहेत, पगारासाठी नाहीत. ही रेघ मारली, की आणखी शंभर मुली तपासून होतील. हा हिशेब वरवर बिनचूक आहे, आणि तो फक्त विद्यार्थीच करतात असंही नाही. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आपल्याकडे देणगीदार विचारतो तो पहिला प्रश्न हाच असतो: माझ्या शंभरातले किती 'प्रत्यक्ष कामावर' जाणार? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या, संस्थांना गुण देणाऱ्या तीन नामवंत यंत्रणांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं, की नुसत्या व्यवस्थापन-खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. ज्यांनी लोकांना ती सवय लावली, त्यांनाच ते लिहावं लागलं.

आता शिक्षकानं फक्त एवढंच विचारावं: एखाद्या मुलीची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कोण जाणार?

इथं अर्जाचं पान बदलून जातं. शाळेत करतात ती द्रावणाची साधी तपासणी स्वस्त आहे, झटपट आहे. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. मुलगी नुसती वाहक आहे की आजारी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. वाहक मुलगी सहसा ठणठणीत असते. तिला औषध नको, माहिती हवी. जोडीदारही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक, ही माहिती. आजारी मुलीला हायड्रॉक्सियुरिआ आणि नियमित देखरेख हवी. आणि दोघींनाही हे सांगणारी कुणी हवी, जिला त्यांची बोली येते, जी शाळेच्या पटांगणात नाव पुकारून चिठ्ठी देणार नाही. गावात 'हिच्या रक्तात खोट आहे' असं एकदा पसरलं, की लग्नाच्या वेळी ते आड येतं. हे सगळं काम ज्या व्यक्तीनं करायचं, तीच ती अंदाजपत्रकातली समन्वयक. ज्या ओळीवर रेघ मारायला निघालो होतो, तिच्यावरच अर्जाचा सारा भार आहे. उलट, फेरतपासणीच्या खर्चाची ओळ अर्जात नाहीच, आणि खरी उणीव तिथं आहे.

आणखी एक प्रश्न एखादी चौकस मुलगी काढेल. १ जुलै २०२३ ला शहडोलहून केंद्र सरकारनं सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. सरकार फुकट तपासत असताना आपण हे पैसे का द्यायचे? याचं उत्तर भिलाईत बसून मिळणार नाही. बस धरून दल्ली-राजहऱ्याला जावं लागेल, आश्रमशाळेत विचारावं लागेल की सरकारी पथक आलं होतं का, कार्डं मिळाली का, मिळाली असतील तर ती कुठे आहेत. कदाचित कळेल, की तपासणी झालेली आहे आणि मुलींची कार्डं कपाटात पडून आहेत. तेव्हा गरज आहे ती समजावून सांगणाऱ्या बाईची आणि दवाखान्यात नेण्याच्या भाड्याची. मग प्रामाणिक शिफारस अशी होईल: तपासणीला पैसे नकोत, समन्वयकाचं मानधन दुप्पट करा. अर्ज जसा आला तसा मंजूर किंवा नामंजूर करणं हे कारकुनी काम झालं. तो अर्जदारासोबत बसून नीट घडवता आला, तर ते शिक्षण.

दल्ली-राजहऱ्याला गेलंच आहे, तर विद्यार्थ्यांनी तिथं आणखी एका ठिकाणी जायला हवं. ते म्हणजे शहीद हॉस्पिटल.

भिलाईच्या भट्ट्यांसाठी हातानं खनिज फोडणारे हजारो कंत्राटी मजूर १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघात एकत्र आले. त्यांच्या मागण्या आज वाचताना गलबलून येतं: काम नसेल त्या दिवसाची मजुरी, आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीचे शंभर रुपये. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना उचललं; त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला, अकरा जण मेले. त्यांत अनसूयाबाई होती, सुदामा नावाचा कोवळा मुलगा होता. संघटना मोडली नाही. पुढच्या काही वर्षांत मजुरी वाढली, तशी दारूही वाढली. संघटनेनं दारूबंदीची मोहीम काढली. मग संघटनेची एक कार्यकर्ती, कुसुमबाई, बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्यानं गेली. आपलं प्रसूतिगृह आपणच बांधायचं, ही गोष्ट कामगारांच्या मनानं तिथं घेतली.

१९८२ मध्ये छोटा दवाखाना निघाला. विनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे तरुण डॉक्टर येऊन मिळाले. कामगारांनी रजेच्या दिवशी, पाळी संपल्यावर, दगड-विटा वाहिल्या. मिळालेल्या भत्त्यांतून पैसे दिले. गोळीबाराला सहा वर्षं झाली त्या दिवशी, ३ जून १९८३ ला, अकरा हुतात्म्यांच्या नावानं पंधरा खाटांचं रुग्णालय सुरू झालं, तेही एका वृद्ध खाणकामगाराच्या आणि एका वृद्ध शेतकऱ्याच्या हस्ते. बाहेरच्या मोठ्या देणगीवर टेकून राहायचं नाही, हे धोरण. खाणकामगारांतूनच आरोग्यसेवक तयार झाले. संघटनेच्या सभासदांपुरतं दार उघडं ठेवलं नाही. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, आदिवासी तिथं येऊ लागले. आणि अनावश्यक सुया, टॉनिकं, सलाइन यांच्याविरुद्ध याच रुग्णालयानं लोकशिक्षण केलं. 'सुई टोचली नाही तर डॉक्टर कसला' असं मानणाऱ्या रुग्णाला सुई नाकारायची, ती समजावून नाकारायची, हे सोपं काम नव्हतं. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरी झोपेत नियोगींची गोळी घालून हत्या झाली. रुग्णालय चालू राहिलं.

मी हे इतकं विस्तारानं सांगतो त्याला कारण आहे. अर्ज वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात नकळत एक चित्र तयार होतं: टेबलाच्या या बाजूला जाणते, त्या बाजूला गरजू. शहीद हॉस्पिटल हे चित्र पुसतं. तिथं देणारा, घेणारा आणि ठरवणारा एकच होता. प्रसूतिगृह आधी की एक्स-रे आधी, हे ज्यांच्या घरची बाई जाणार होती त्यांनी ठरवलं. कुणी तज्ज्ञ बाहेरून आला असता, तर त्यानं कदाचित फिरत्या दवाखान्याची शिफारस केली असती, आणि कागदावर ती स्वस्तही पडली असती.

दल्ली-राजहऱ्याच्या पश्चिमेला डोंगर ओलांडले, की आपला गडचिरोली जिल्हा लागतो. तिथं १९८६ पासून काम करणाऱ्या अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, रुग्णासोबत आलेल्यांना राहायला जागा नसते, अशी उत्तरं आली. मग लोकांच्या सल्ल्यानं झोपड्यांच्या गावासारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. विचारलं नसतं, तर एखाद्या भल्या देणगीदाराच्या पैशांतून तिथं दुमजली इमारत झाली असती, आणि तिच्या खाटा रिकाम्या राहिल्या असत्या. याच संस्थेचा 'निर्माण' हा उपक्रम २००६ पासून तरुणांना अशा मुलुखात आणून बसवतो. भिलाईच्या वर्गानं त्या शिबिरांचा अभ्यास जरूर करावा.

मराठी समाजाला देणगी परकी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना घरोघरच्या बायकांनी मूठ मूठ धान्य दिलं. आजही 'लोकसत्ता' २०११ पासून दर गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा'मधून निवडक संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. पुण्यात २००५ मध्ये वीणा गोखले यांनी पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन सुरू केलं; पूर्वजांच्या नावानं काही द्यायचं त्या दिवसांत माणसं संस्थांच्या टेबलांसमोर उभी राहतात, चौकशी करतात आणि मग देतात. दोन्ही उपक्रमांचं मोल मोठं आहे. दोन्हींत निवडीचं अवघड काम मात्र आयोजक आपल्या शिरावर घेतात. वाचकाचा विश्वास वृत्तपत्रावर असतो, पाहुण्याचा आयोजकांवर. ती निवड कशी झाली, कोणत्या संस्था का वगळल्या, हे समजून घेण्याचा अभ्यास कुठल्या महाविद्यालयात होत असेल, तर उद्याचा देणगीदार विश्वासाइतकाच विवेकानंही देईल.

वर्ग चालवायचा तर काही गोष्टींवर मी अडून बसेन. अर्ज हिंदीत किंवा छत्तीसगडीत चालला पाहिजे, आणि लिहिता येत नसेल त्यानं येऊन सांगितला तरी चालला पाहिजे. टिपून घ्यायचं काम विद्यार्थ्याचं. पन्नास हजारांसाठी चौदा पानांचा फॉर्म मागणं म्हणजे गरिबाच्या वेळेची किंमत शून्य धरणं. छोट्या संस्थेत लिहिणारी एकच बाई असते आणि तीच अभ्यासिकेला कुलूप लावणारीही असते. भेटीला गेल्यावर चहा-फराळाचा खर्च संस्थेवर पडता कामा नये. निर्णय करणाऱ्यांत मागच्या वर्षीच्या अर्जदार संस्थेची एक तरी व्यक्ती असावी, तिला तिच्या दिवसाची मजुरी मिळावी, आणि तिचं मत विद्यार्थ्याच्या मताइतकंच मोजलं जावं. कंपनीला हे अडचणीचं वाटेल. रामकोठीच्या गावाला वाटणार नाही.

वर्गात भांडणं होतील. ती व्हावीत. तलावाकाठच्या झाडांना पाच जण हात वर करतील, कारण छायाचित्रं सुंदर आहेत. मग कुणीतरी विचारेल, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, आणि अर्जात ते सापडणार नाही. खुर्सीपारच्या अभ्यासिकेबद्दल जास्त रस्सीखेच होईल. त्या बायकांकडे लेखापरीक्षण झालेला ताळेबंद नाही, करसवलतीचं ८० जी प्रमाणपत्र नाही. २०२१ पासून कंपन्यांच्या निधीसाठी लागणारी सीएसआर-१ ची नोंदणी नाही. आहे ती एक वही. तिच्यात पेन्सिलीनं आकडे लिहिलेले: वीजबिल, खडू, दिव्याची दुरुस्ती. नियमावर बोट ठेवणारे म्हणतील, अपात्र. ती वही शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मुलगी म्हणेल, तिन्ही अर्जदारांत पै-पैचा हिशेब फक्त यांनीच ठेवलाय. दोघांचंही खरं आहे. कायद्याची चौकट वर्गाला मोडता येत नाही, आणि वही खोटी ठरवता येत नाही. वर्गाला एखादी नोंदणीकृत संस्था शोधता येते, जी या गटाच्या वतीनं पैसे स्वीकारील आणि हिशेब दाखवील. अशा वेळी विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतं, की नियम नेमका कुणाला बाहेर ठेवतो.

शेवटी रक्कम एकालाच पुरेल. समजा, ती समन्वयकाच्या मानधनासाठी आणि दवाखान्याच्या भाड्यासाठी गेली. उरलेल्या दोघांना नकार कळवायचा आहे, आणि सत्रातला सर्वांत कठीण स्वाध्याय माझ्या मते हा आहे. मोठमोठ्या देणगीदारांकडून संस्थांना येणारी नकाराची पत्रं दोन ओळींची असतात. पुष्कळदा तीही येत नाहीत. विद्यार्थ्यांचा पहिला मसुदा तसाच उतरेल: आपले कार्य स्तुत्य आहे, तथापि निधीच्या मर्यादेमुळे. शिक्षकानं तो परत करावा. झाडांच्या संस्थेला लिहायचं, की पाणी घालण्याची जबाबदारी कुणाची ते अर्जात दिसलं नाही. खुर्सीपारच्या गटाला लिहायचं, की तुमच्या वहीनं आमचं मत जिंकलं होतं, बारा विरुद्ध आठ असं आमच्यातच ठरलं, नोंदणीची अडचण अशी आहे, ती सोडवायला मदत करणाऱ्या कार्यालयाचा पत्ता हा. नुसतं टपालानं पाठवायचं नाही. दोघांनी जायचं, वाचून दाखवायचं, आणि त्या बायकांना या निर्णयाबद्दल काय म्हणायचं आहे ते लिहून घेऊन यायचं. ते टिपण पुढच्या वर्षीच्या वर्गाला अर्जांच्या आधी वाचायला द्यायचं. आणि पत्राच्या तळाशी पुढच्या अर्जाची तारीख लिहायची.